पोटमाळ्यावरच्या दिव्याचा हिशेब

टिलबर्ग, सोमवार

प्रिय गील,

पत्र बघून म्हणशील, टोसचं डोकं फिरलं. सायकलनं दहा मिनिटांवर राहते आणि पोस्टानं पत्र पाठवते! फिरलंय खरं. रविवारी तुझ्या दारापर्यंत येऊन दोनदा परत गेले. तुझ्यासमोर बसले की मी नुसती रडेन, नाहीतर मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात तुलाच झापेन, आणि सांगायचं ते राहूनच जाईल. म्हणून लिहितेय.

लिस्बेथचे पाय कसे आहेत? पोलिसांनी पोटमाळ्यावरची ती पाच गांजाची झाडं आणि दिवा उचलून नेल्यापासून तुझ्या बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे मला शेजारच्या नेलनं सांगितलं. तू सांगत नाहीस. हल्ली तू काहीच सांगत नाहीस. घर रिकामं करा म्हणून घरमालक गृहसंस्थेची नोटीस आली, तीही नेलकडूनच कळली. येत्या गुरुवारी कोर्टात तारीख आहे ना? अरे, त्या घरासाठी तुम्ही नऊ वर्षं यादीत थांबलात. चाकाची खुर्ची जाईल अशी रुंद दारं, बसून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर, जिन्यावरून वर नेणारी ती सरकती खुर्ची. ते घर गेलं तर लिस्बेथ शुश्रूषागृहात आणि तू कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत. तीस वर्षं एका पलंगावर झोपलेली माणसं तुम्ही!

सप्टेंबरातला तिचा वाढदिवस आठवतो? नेहमीसारख्या गोल मांडलेल्या खुर्च्या, मांडीवर फळांच्या व्लाय केकच्या बश्या, चेरीचा आधी संपलेला, आणि दीनमावशी दारातून येणाऱ्या प्रत्येकाचं अभिनंदन करतेय, जसा काही सगळ्यांचाच वाढदिवस. तू मला स्वयंपाकघरात ओढलंस, दार लावलंस आणि एका दमात म्हणालास, "टोस, ओरडू नकोस. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो त्या गांजाचे पैसे विमा देत नाही. कॉफीशॉपमध्ये विकतात तो गांजा रोज आणायचा तर बस चालवून भागत नाही. वर पाच झाडं लावतो. एकच दिवा, सहाशे वॅटचा. महिन्याचं विजेचं किती वाढेल तेवढं सांग, मी बिलाचा मासिक हप्ता वाढवून घेतो. चोरीची वीज नको मला." हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितेय.

मी ओरडलेच. "वेड लागलंय का तुला? मी वीज कंपनीत, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या पोटमाळ्यावर गांजा?" तू म्हणालास, "पाचपर्यंत पोलीस डोळेझाक करतात गं." मी म्हटलं, "पोलीस करतील, गृहसंस्था करेल का?" तेवढ्यात बाहेर लिस्बेथच्या पायांत गोळे आले. दारातून बघितलं तर ती उशी दातांत धरून बसली होती, पाहुण्यांसमोर आवाज निघू नये म्हणून. तू माझ्यापुढे पत्राचं एक जुनं पाकीट आणि पेन सरकवलंस.

मी हिशेब मांडला. दिवा, हवा ओढणारा पंखा, हवा कोरडी ठेवणारं यंत्र, थंडीसाठी विजेची शेगडी. खाली रेघ मारली आणि लिहिलं, महिन्याला दोनशे चाळीस युरो. "एवढे?" तू विचारलंस. मी म्हटलं, "एवढे तर एवढे. जास्तच होतील." तू पुन्हा बेरीज करून बघितली नाहीस. आपल्या घरात माझा आकडा कुणी तपासतं का? एकतीस वर्षं मी वर्षभराच्या विजेचा अंदाज बांधून लोकांचे मासिक हप्ते ठरवतेय. वर्षाच्या बिलात पाच-दहा युरोंचा फरक पडला तरी मला चुकल्यासारखं होतं. टोसनं सांगितलं ना, मग झालं!

मला वाटलं, विषय मिटला. नाताळला लिस्बेथ चक्क टेबलाशी बसून जेवली, सूप दोनदा मागून घेतलं, दीनमावशीची नक्कल करून आम्हाला हसवलं. मी म्हटलं, नव्या गोळ्या लागू पडलेल्या दिसतात. खरं सांगू? मला कळलं होतं. जिन्यात वास येत होता. मी गुपचूप कोट चढवला आणि घरी गेले.

आणि मग फेब्रुवारीतली ती दुपार. तुमच्या मीटरच्या कपाटातून जळक्या प्लास्टिकचा वास नेलच्या घरात गेला म्हणून तिनं अग्निशमनवाल्यांना बोलावलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. तू बस घेऊन स्टेशनवर. धुरात लिस्बेथला जिन्याच्या खुर्चीत बसवायलाही वेळ नव्हता. दोघा जणांनी तिला झोपायच्या कपड्यांत उचलून रस्त्यापलीकडे नेलं. कपाटात बघतात तर मीटरच्या आधीच वायर जोडलेली, म्हणजे वीज मोजलीच जाऊ नये. तुझा तो मित्र शाक बिअरच्या एका क्रेटच्या बदल्यात जोडून गेला होता म्हणे. मी तुला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हणाले. बरं झालं आईबाबा नाहीत हे बघायला, असंही म्हणाले. तू फक्त एवढंच म्हणालास, "महिन्याला दोनशे चाळीस कुठून आणले असते, टोस?"

गील, दोनशे चाळीस नव्हतेच. झाडांना फुलं यायच्या दिवसांत दिवा बारा तास लागतो. सहाशे वॅट, बारा तास, तीस दिवस, म्हणजे दोनशे सोळा युनिट. पंखा दिवसरात्र धरला तर आणखी बहात्तर. युनिटला तीस सेंट. शाळेतलं पोर करेल हा गुणाकार. नव्वद युरोही होत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे दिवा अठरा तास लागतो, तेव्हा एकशे वीस धर. मी दिवा सगळे दिवस अठरा तास धरला. न लागणारी शेगडी घातली, न लागणारं यंत्र घातलं. जाणूनबुजून! तुला धडकी भरावी आणि तू नाद सोडावास म्हणून. तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला किती दिवस बजावत होते. भलं कसलं? पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होणार आहे. तोवर आमच्या ऑफिसात आपलं आडनाव कुणाच्या तोंडी यायला नको होतं मला. लिस्बेथच्या दातांतली ती उशी बघून आल्यावरही मी हे केलं. नव्वद युरो तू कसेही भरले असतेस, मी तुला ओळखते. दोनशे चाळीस तुला झेपणार नव्हते आणि तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं. चोरीच्या वाटेला मी लावलं तुला.

शुक्रवारी तुझ्या वकीलबाईंकडे गेले होते. त्यांनी सांगितलं की पोलिसांना स्वयंपाकघरात ते पाकीट सापडलं, आणि हा हिशेब कुणी केला असं विचारल्यावर तू म्हणालास, "मीच." माझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून! आणि मी तुला चोर म्हणाले होते. रस्त्यात सायकल धरून रडले रे मी. आता नीट ऐक. या पत्राचा राग येईल, येऊ दे, पण गुरुवारपर्यंत ते फाडू नकोस. हातात पडल्या पडल्या वकीलबाईंना नेऊन दे. टाईप न करता हातानं लिहिलंय, म्हणजे पाकिटावरच्या अक्षराशी ताडून बघता येईल. तू पैसे भरायला तयार होतास आणि वीज कंपनीतल्या बाईनं तुला खोटा आकडा दिला, हे न्यायाधीशांना कळलं पाहिजे. तेवढ्यानं घर वाचेल की नाही, मला माहीत नाही. आमच्या साहेबांना सगळं आज सकाळीच सांगून आले. उद्यापासून कामावर येऊ नका म्हणाले. तेव्हा गुरुवारी मला वाचवायला पुन्हा "मीच" म्हणू नकोस.

तुझीच,
टोस

पूर्ण नाव कॅथारिना योहाना वाउटर्स, मासिक हप्ते विभाग, एकतीस वर्षं.