सरदार घोडीला पाणी पाजतो

१२ जानेवारी, रविवार
शूटिंग संपलं एकदाचं. सिनेमाचं नाव 'वाट सगुणेची'. पेशवाईतली प्रेमकथा. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरा आणि नायक, चारही मीच. इंदापुरात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग केलं, आता स्वतःचं काहीतरी. गोष्ट सरळ आहे. सरदार मोहिमेवर जातो, बायको सगुणा वाट बघते, सरदार परत येतो.
माझी बायको वृषाली हा सिनेमा बघून ढसाढसा रडणार. आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून थेट घरी येणार. दिवाळीपासून डाळजला माहेरी आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता सासूबाई रानात खुरपायला जातात असं कानावर आलं. तरी काळजी घेतलेली बरी.

१९ जानेवारी
एडिटिंग. नायक-नायिका एकाही फ्रेममध्ये एकमेकांजवळ नाहीत. माझा दोष नाही. सगुणा झालेली श्रेया बारामतीच्या कॉलेजात शिकते. तिच्या आईनं सेटवर खुर्ची टाकून बजावलं होतं, की काय पिरीत करायची ती चार हात लांबनं करा. म्हणून सगळं प्रेम ड्रोननं घेतलं. वरून दोघंही मुंगीएवढे दिसतात. अंतर म्हणजेच विरह. कळणाऱ्याला कळेल.
घोडी दत्तोबाची. एरवी ती लग्नात नवरदेव मिरवते. मोहिमेच्या सीनला हलगी वाजली आणि ती नाचायला लागली. परत घेतलं, परत नाचली. राहू दे म्हटलं. घोडीतही जोश दिसतो.

२ फेब्रुवारी
चौकात फ्लेक्स लावला. मी फेट्यात, शेजारी श्रेया नऊवारीत. खाली मोठ्या अक्षरांत 'इंद्रजित आणि श्रेया', १४ फेब्रुवारी आणि मंगल कार्यालयाचा पत्ता. 'सिनेमा' हा शब्द कोपऱ्यात घेतला, डिझाइन बिघडत होतं. लोक थांबून थांबून बघतात. जबरदस्त हवा! चहावाल्या रावजीनं तर माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, की पहिलीनं सही दिली का. पहिली कसली सही, समजलं नाही. व्हय म्हणून टाकलं.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
कार्यालय फुल्ल. फ्लेक्स फक्त एक आणि गर्दी एवढी! निम्म्या लोकांच्या हातात टॉवेल-टोपीचा आहेर. याला म्हणतात प्रेम.
सासरे दादासो डाळजहून जीप भरून माणसं घेऊन आले. सगळ्यांच्या बाह्या वर. दारातच गरजले, की पावणं, आमची पोरगी जित्ती हाय आजून. मी म्हटलं, आहेच की, या बसा. आत पडदा आणि प्रोजेक्टर बघितल्यावर बाह्या खाली आल्या.
वृषालीही आलीय. बायकांच्या शेवटच्या रांगेत. मनात म्हटलं, जिंकलो.

१५ फेब्रुवारी
लोक निराश झाले. त्याला जबाबदार एकच : लोक.
जेवण नाही म्हटल्यावर अर्धे उठून गेले. उरलेले चुका काढत बसले. म्हणे सगुणेच्या गोठ्यात जर्सी गाय. म्हणे तिच्या डोक्यामागं साखर कारखान्याचं धुराडं. अरे, मन मोठं करून बघा की! दत्तोबा म्हणाला, घोडीनं काम बेस केलंय, पर तुमचं दोघांचं सूत कवा जुळलं त्ये काय घावलं न्हाय. मी ठणकावलं, की त्या काळातलं प्रेम पोशाखात असायचं. एवढी नथ, एवढा शेला, एवढी पालखी दाखवली, अजून काय दाखवू?
वृषाली रडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, की तुमचा सरदार तीन वर्सांनी घरी आला, घोडीला पाणी पाजलं, तलवार पुसली, मोहिमेच्या गप्पा हाणल्या. त्या बाईला एकदा तरी इचारलं का त्यानं, जेवलीस का म्हणून?
आणि जीपमध्ये बसून गेली.
पेशवाईत असलं कोणी विचारत नव्हतं. माझा अभ्यास आहे. एकही फ्रेम कापणार नाही.

१८ फेब्रुवारी
कापणार नाही म्हणालो होतो, वाढवणार नाही असं म्हणालो नव्हतो. नवीन सीन घेतला. श्रेयाच्या आईनं तिला पाठवायला साफ नकार दिला, म्हणून घोडीसमोर उभा राहून विचारलं, "जेवलीस का, सगुणे?" घोडी फ्रेममध्ये नाही. माझ्या डोळ्यांत खरं पाणी आलं. आता बघू काय बोलते वृषाली.

२३ फेब्रुवारी, रविवार
काल फोन करून आज डाळजला गेलो. वाटेत टायर पंक्चर, पोचायला दुपार टळली. वृषालीनं लगेच ताट वाढलं. चिलापी माशाचं कालवण आणि गरम भाकरी. जेवता जेवता तिला लायटिंग कसं केलं ते सांगितलं. प्रेक्षक कुठं कमी पडले तेही सांगितलं. मग मोबाईल तांब्याला टेकवून नवीन सीन दाखवला. तिनं परत एकदा लावायला सांगितला. बघून माझ्याकडं बघत राहिली. मग अजून एक भाकरी देऊ का म्हणाली. दे म्हटलं. घरी कधी येतेस ते विचारलं नाही, सीनच एवढा बोलका होता.
इंदापुरात पोचलो आणि दादासोंचा फोन. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, पावणं, तुमी येणार म्हणून पोरगी सकाळधरनं जेवली नव्हती. तुमी गेल्यावर चुलीपाशी बसून एकलीच जेवली.
मी म्हटलं, मग मला सांगायचं तिनं.
ते म्हणाले, ती बघत हुती, तुमी इचारताय का.
नवीन सीन काढून टाकला. आधीच्या सिनेमात निदान खोटं काही नव्हतं.