काळंनिळं

प्रिय ठमे,

इथे फोनची सोय नाही, म्हणून कागदावर बोलते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच.

त्या इंग्रजी कादंबरीचं भाषांतर अर्ध्यावर राहिलंय. ‘लिव्हिड’ या एका विशेषणाने मला पार छळलं. त्यातला कप्तान एकदा लिव्हिड होतो. मी ‘रागाने लालबुंद’ लिहून मोकळी झाले, तर संपादकबाईंनी कान धरला. म्हणाल्या, “अहो, जुने लेखक हा शब्द रंगासाठी वापरायचे. शिशासारखा निळसर करडा. मेलेल्याचे ओठ, वादळाआधीचं आभाळ, मुका मार बसलेली कातडी. राग त्यात फार उशिरा शिरला.” मग मला आपला ‘काळानिळा’ आठवला. संतापाने माणूस काळानिळा होतो आणि मार खाणाऱ्याचं अंगही काळंनिळंच होतं. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला भाषेने एकाच शब्दात कोंबलंय बघ.

त्या दुपारी मी न कळवता तुझ्याकडे आले. एवढ्या उकाड्यात तू लांब बाह्यांचा स्वेटर घालून इस्त्री करत होतीस. बाही वर सरकली तेव्हा म्हणालीस, कपाटाचं दार लागलं. लहानपणी बरणी फोडून मांजराचं नाव घ्यायचीस, तेव्हाही तुझं नाक असंच फुगायचं. तेवढ्यात तुझा नवरा आला. माझी नजर तुझ्या हातावर खिळलेली पाहून चक्क हसला. “ताई, काल मी जरा लिव्हिड झालो होतो. तुम्हाला अर्थ सांगायला नकोच.”

मग त्याला शर्टाची करपलेली कॉलर दिसली. त्याने तुझे केस मुठीत धरले आणि तुझं तोंड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटल्याचा आवाज मला दारापाशी ऐकू आला. तू ओरडलीसुद्धा नाहीस गं. रक्त हनुवटीवरून ओघळत असताना हात लांब करून तू इस्त्रीचं बटण बंद केलंस, कापड जळू नये म्हणून. ते पाहिलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी तीच इस्त्री उचलली. पहिला घाव त्याच्या जबड्यावर बसला, तो वळला तसा दुसरा कानशिलावर. तो खाली पडला तरी मी मारतच होते, तू माझं मनगट धरेपर्यंत.

पोलिसांना तू सांगितलंस की ताईचं डोकं फिरलं, तिने उगाच मारलं. तुझा जबाब त्यांनी मला कोठडीत वाचून दाखवला. रागावले नाही. त्या घरात राहायचं म्हणजे काय बोलावं लागतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वकील म्हणतात, बहीण खरं बोलली तर तुम्ही लवकर सुटाल. त्यांना तुझ्या दारात जायची मी मनाई केलीय. साक्षीचं तुझं तू ठरव, कधीही ठरव. हे पत्र त्यासाठी नाही. सोमवारी त्याला दवाखान्यातून घरी सोडणार आहेत, आणि या खेपेला मी तिथे नसेन. माझ्या घराची किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. हे पत्र घेऊन त्याच येतील, काही विचारणार नाहीत. पलंगावर धुतलेली चादर आहे, दाराला आतून दोन कड्या आहेत. सामान बांधत बसू नकोस. त्यांच्याबरोबर आत्ताच नीघ.

तुझीच,
ताई