गाद्यांमागची गाणी

१२ नोव्हें.
सलीम गेला. आज त्याची खोली आवरायला घेतली. त्याचं अंथरूण, गाद्या चाळिसाव्याच्या आत गरजूंना द्यायच्या, अम्मीचं म्हणणं. आमच्या गाद्यांच्या दुकानावरची खोली, खाली मागे घर. भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या आम्ही न खपलेला माल समजत होतो. त्या हलवल्या तर मागे माइक, गिटार, कॉम्प्युटर. चारी बाजूंनी कापूस, बाहेर आवाज येणार कसा. माझा धाकटा भाऊ. एका घरात राहिलो.

१३ नोव्हें.
लेकीने, झोयाने, कॉम्प्युटर उघडला. गाणीच गाणी. ड्रम, गिटार त्याचे. चार जण मिळून गातात, चौघंही तोच. "पप्पा, हा पॉवर पॉप आहे. चाचू असं गायचा?" वेगवान, गोड, मराठीत. एक तर स्वारगेटला बस चुकलेल्या मुलीवर. जेवताना "मीठ दे" यापलीकडे न बोलणारा माणूस. ऑफिसला गेलो नाही.

१५ नोव्हें.
नेटवरही टाकलीत, दुसऱ्याच नावाने. फारशी कुणी ऐकलेली नाहीत. कुणी परदेशातला विचारतो, पुढचं कधी. काय लिहू.

१६ नोव्हें.
बरीच गाणी मधेच तुटतात. आज कारण कळलं. खालून अम्मीची हाक, "सलीम, जेवायला ये रे." गिटार थांबते. खुर्ची सरकते. संपलं.
अम्मी आधीच म्हणत असते, त्या दिवशी सलीमला लोणी काळभोरला मीच पाठवलं, नाहीतर अपघात कशाला. त्यात हे. तिला कळता कामा नये. झोयाला बजावलं.
एका गाण्यात मात्र त्याने ती हाक मुद्दाम ठेवलीय. परत परत येते, मागून त्याचेच चार आवाज: आलो, आलो.

२० नोव्हें.
अम्मी जिना चढून वर आली. "रोज वर बसून काय ऐकता दोघं? मी म्हातारी झालेय, बहिरी नाही."
खोटं सुचलं नाही. हेडफोन तिच्या कानांवर ठेवले, ते हाकेचं गाणं लावलं. संपेपर्यंत हलली नाही.
"एवढी ओरडते मी?"
झोया हसली. अम्मीसुद्धा, सलीम गेल्यापासून पहिल्यांदा. हेडफोन काढायला गेलो तर माझा हात बाजूला केला.
"राहू दे. बाकीची लाव."
झोया माझ्याकडे बघतेय, बाकीची तर अम्मीच्या हाकेवरच तुटतात. मी अजून प्ले दाबलेलं नाही.