पाचव्या मजल्यावरचं मीठ

८ ऑक्टोबर, मंगळवार
सोफ्यावरचं प्लास्टिक निम्मं काढून झालं होतं, तेवढ्यात बेल वाजली. पहिलं गिऱ्हाईक. एक डॉक्टर आणि त्याची बायको, पाच जिने चढून धापा टाकत. लिफ्ट बंद आहे, तात्पुरती, गेल्या वर्षापासून. मागून दलाल मितवल्ली. डॉक्टरला बाल्कनीतून समुद्र दिसला. खूश. जेवायची वेळ होती, मासे तळलेले होते. बसा म्हटलं. नको नको म्हणत चांगले जेवले. आता ज्याने आपल्या घरची भाकरी आणि मीठ खाल्लं, त्याच्याशी खोटं कसं बोलणार? दुपारी पाणी चढत नाही, हे सांगून टाकलं. विचार करून कळवतो म्हणाले. सौदा झाल्यातच जमा.
बायको, इन्साफ, म्हणाली, अहो, घर विकताय की खानावळ काढलीय?
इन्साफचे गुडघे गेलेत, म्हणून ही चिडचिड. तिच्या बहिणीशेजारी तळमजल्यावरचा फ्लॅट मिळतोय. त्याचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार. त्याआधी हा विकायचा. विकणारच.

१० ऑक्टोबर, गुरुवार
डॉक्टरचा निरोप नाही. कामात बुडालेला असेल.
संकल्प: यापुढे फक्त चहा.

१३ ऑक्टोबर, रविवार
कापडाचे व्यापारी, तिघे भाऊ. चहाच दिला. नुसता चहा बरा दिसत नाही म्हणून चीज, ऑलिव्ह, भाकरी. त्यांनी किमतीचं काढलं. आधी खा, म्हटलं. खाऊन झाल्यावर थोरला म्हणाला, मास्तर, तुमचं मीठ खाल्लं, आता घासाघीस करायला तोंड राहिलं नाही. आणि घासाघीस न करता घेतलं तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.
गळाभेट घेऊन गेले. संस्कार दिसतात.
मितवल्ली जिन्यात ओरडला, मी गिऱ्हाइकं आणतो, तुम्ही त्यांना जावई करून पाठवता! उद्धट माणूस. जेवला मात्र सगळ्यांपेक्षा जास्त.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
इन्साफ ईदपासून खाली उतरलेली नाही. म्हणते, मला आता चौघांच्या खांद्यावरूनच उतरवा. तिची विनोदबुद्धी शाबूत आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार
शाळेच्या मुख्याध्यापिका. एकट्या. संकल्प पाळला: फक्त पाणी. दहा मिनिटं पाळला. मग भरलेल्या वांग्यांचा वास स्वयंपाकघरातून आपणहून बाहेर आला. मी काय करणार?
बाल्कनीतली माझी खुर्ची दाखवली. संध्याकाळी बोटी परततात, त्या या खुर्चीतूनच नीट दिसतात, दोन हात सरकलं की नाही, हे समजावलं. बाई म्हणाल्या, मास्तर, तुम्हाला हे घर विकायचं नाहीये.
मी भाकरी आणायला आत गेलो.
बाईंना माणसांची पारख नाही. इन्साफने भांडी आदळत घासली. गुडघे.

२८ ऑक्टोबर, सोमवार
इन्साफ आज भलतीच गोड. म्हणाली, उद्या सकाळी बंदराजवळच्या भट्टीवरून भाकऱ्या आणा, तिथल्याच चांगल्या. रांग असेल, घाई करू नका.
पाहुणचाराचं महत्त्व तिला अखेर पटलं. एवढ्या वर्षांचा संसार वाया जात नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
भाकऱ्या घेऊन जिना चढलो. दारातच मितवल्लीने हात मिळवला, अभिनंदन मास्तर म्हणाला. मी नसताना एक जोडपं येऊन गेलं. इन्साफने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही, बयाणा मात्र घेतला. घर विकलं गेलं. घेणाऱ्यांना मी पाहिलेलं नाही.