म्हात्रेशेठना यंदा कर्ज नको

मंगळवार, नवरात्राची पाचवी माळ

आज म्हात्रेशेठ बँकेत आले आणि म्हणाले, "मॅडम, यंदा कर्ज नको." कोलशेतला त्यांचं मिक्सरचं होलसेल गोडाऊन आहे. दरवर्षी दिवाळीआधी ते काही महिन्यांसाठी पैसे उचलतात, माल भरतात, विकून फेडतात. कर्जाच्या टेबलावर बसून मी त्यांच्यावरूनच बाजाराचा अंदाज बांधते.

"का हो शेठ? व्याज जास्त वाटतंय?"

"व्याजाचं नाय ओ. गेल्या दिवाळीचाच माल पडलाय. मागचं फेडायला एफडी मोडली. आणखी भरू कोणासाठी?"

आणि हसले. ते हसणं डोक्यातून जात नाही. या आठवड्यात आणखी दोन होलसेलवाल्यांनी असंच नको म्हटलं. आमचे मॅनेजरसाहेब मात्र खूश, जुनी कर्जं वेळेत फिटली म्हणून. त्यांना खरंच कळत नाही, की कळूनही... मी तरी कुठे बोलले?

घरी नवरा, नितीन, खुशीत. वागळे इस्टेटमधली त्याची कंपनी मिक्सरच बनवते, आणि म्हात्रेशेठ त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"शेठची ऑर्डर यायचीय अजून, पण येईलच गं. बोनस मिळाला की आईच्या मोतीबिंदूचं उरकून टाकू."

मीही हसले. एवढं सगळं माहीत असताना माणूस हसतो कसा, ते तेव्हा कळलं. ग्राहकाची गोष्ट घरी सांगायची नसते, हा नियम आहे. पण मी गप्प बसले ती नियमासाठी नाही.

"डॉक्टरांची तारीख घेऊ ना?" त्याने विचारलं.

"घे," म्हणाले.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी लगेच डोंबिवलीला बहिणीला फोन लावला, ऑपरेशन ठरलं म्हणून.