निळी, पिवळी, काळी आणि कवळीचा मसाला

सौ. वन्संना तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. कितपत खरं ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना सांगा, औषध बाटलीत ठेवून खोकला जात नाही, ते पोटात जावं लागतं.) आई ठणठणीत आहेत. परवाच मला म्हणाल्या, "तू हल्ली फार दमतेस, माझ्यासाठी चहा टाक आणि जरा बस." यावरून काय ते ओळखा.

पत्राला कारण तुमचे बंधुराज. फोनवर सांगितलं असतं, पण ह्यांना बायकोनं हाक मारलेली ऐकू येत नाही आणि बायको फोनवर काय बोलते ते तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. ह्यांची पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेत चालायला सांगितलं होतं. चारचौघं चालायला सांगितलं की चालतात. हे गॉल्फ क्लबाचे सभासद झाले. बरोबर चष्मेवाले. (तुम्ही पाहिलंय त्यांना. ह्यांचा दाताचा दवाखाना आणि त्यांचं चष्म्याचं दुकान एकाच मजल्यावर, मध्ये दोघांत मिळून एकच बसायची खोली. सगळ्या गावाच्या नाकावर चष्मा नीट बसवतात आणि स्वतःचा सारखा घसरतो, तेच.) दोघांची मैत्री अशी, की दात काढून घ्यायला आलेल्याचे चष्मेवाले जाता जाता डोळे तपासायचे आणि चष्म्याला आलेल्याला हे "आ करा बघू" म्हणायचे. एका हेलपाट्यात माणूस निम्मा दुरुस्त होऊन घरी जायचा.

मग एके दिवशी हे दारातूनच ओरडले, "नवा ड्रायव्हर आणलाय!" मी घाईघाईनं पदर सावरला, आईंनी आतून विचारलं, "जेवून आलाय का तो?" आणि हे एक लांबलचक दांडा घेऊन आत आले. टोकाला मुठीपेक्षा मोठं, काळं, गुळगुळीत डोकं आणि त्या डोक्यावर लोकरीची टोपी. चेंडू सगळ्यात लांब मारायचा तो दांडा म्हणजे ड्रायव्हर. त्याला सोफ्यावर झोपवला. मला सर्दी झाली होती, पण टोपी त्याला.

आता कंपन्यांचं सांगते. त्यांची नावं मला लिहिता येत नाहीत आणि उच्चारता तर त्याहून येत नाहीत, म्हणून मी रंगावरून ओळखते. ह्यांची निळी. चष्मेवाल्यांची पिवळी. क्लबाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांची काळी. तिन्ही दांडे सारखेच काळेभोर, फक्त नाव आणि रंगाची पट्टी वेगळी, पण हे तिघांपैकी कुणाला ऐकवू नका. तर क्लबाचा वार्षिक अंक निघतो आणि यंदा त्यात "हे वर्ष कोणत्या कंपनीला सर्वांत चांगलं गेलं" असा लेख लिहायचं काम ह्यांच्याकडे आलं. मला वाटलं, बरं झालं, चार दिवस घरात बसतील. कसलं काय!

वर्ष चांगलं गेलं म्हणजे नेमकं काय, इथेच पहिली ठिणगी पडली. ह्यांचं म्हणणं, ज्या कंपनीचे दांडे घेऊन मोठमोठ्या खेळाडूंनी जास्त चषक जिंकले तिचं वर्ष चांगलं, म्हणजे निळीचं. चष्मेवाले म्हणाले, ते खेळाडू माझी छत्री घेऊनसुद्धा जिंकतील. साध्या माणसांनी दुकानात जाऊन काय विकत घेतलं ते बघा, म्हणजे पिवळी. शिवाय पिवळीचा यंदाचा ड्रायव्हर चुका माफ करतो म्हणे. चेंडू कडेला लागला तरी फार वाकडा जाऊ देत नाही. (वन्सं, लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय? पण माझी पानभर रंगीत जाहिरात कुणी छापली नाही.) हे म्हणाले, ज्याला चुका करायच्याच असतात त्यानं खुशाल माफ करणारा दांडा घ्यावा. त्यावर चष्मेवाले चष्मा वर सरकवून शांतपणे म्हणाले, "निळी जिंकली हे खरं. तू कधी जिंकलास?"

हे वर्मी लागलं. कारण मागच्याच स्पर्धेत ह्यांचा चेंडू क्लबाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट सुपाच्या पातेल्यात गेला होता, आणि ते सूप अध्यक्षांच्या टेबलासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी बसायच्या खोलीत मधोमध पडदा लागला. अर्धी बाकं दातांची, अर्धी डोळ्यांची. लोकांना काय कळतंय? गाल टम्म सुजलेले एक आजोबा चुकून पडद्याच्या पलीकडे बसले. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं तोंडाकडे बोट दाखवलं. चष्मेवाल्यांना वाटलं, जवळचं वाचताना ओठ हलवावे लागतात. आजोबा वाचायचा चष्मा घेऊन घरी गेले. संध्याकाळी मुलाला घेऊन परत आले, तेव्हा ह्यांच्या फीच्या कागदावरची बारीक अक्षरं त्यांना छान वाचता आली, एवढाच काय तो फायदा.

मी आधी हसले, खोटं कशाला बोलू? पण मग हसू ओसरलं. हे चार वाजता सवयीनं दोन कप चहा मागवायचे आणि रागानं दोन्ही स्वतःच प्यायचे. घरी येऊन वर्तमानपत्र उघडायचे आणि पान उलटायचं विसरायचे. एकदा जेवताना काहीतरी गमतीचं आठवलं, हसले आणि फोन उचलून नंबर लावायला लागले; मग थबकले आणि फोन उपडा ठेवून दिला. कुणाचा नंबर ते मी विचारलं नाही. आईसुद्धा काही बोलल्या नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

शेवटी अध्यक्षांनी दोघांना बोलावून घेतलं. (आयुष्यभर तारखा दिल्या, आता निकाल द्यायची हौस दांडगी आहे.) म्हणाले, पुराव्याशिवाय लेख छापायचा नाही. तिन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर आणा, त्यांवरची नावं झाकून टाका, दोघांनी तिन्ही मारून बघा. जो दांडा दोघांना मानवेल त्या कंपनीचं वर्ष चांगलं. झाकायचं काम मात्र अशा माणसाकडे द्या, ज्याला या खेळातलं काहीही कळत नाही. यावर दोघांनी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमतानं, माझं नाव सुचवलं.

झाकायचं म्हणजे किती सोपं वाटतं! आधी मी आईंचे लोकरी मोजे चढवले. अंगणात हे एकदा मारून बघायला गेले, तर चेंडू जागेवरच राहिला आणि मोजा शेजारच्यांच्या गच्चीत गेला. मग चिकटपट्ट्या लावल्या, त्या दोन फटक्यांत लोंबायला लागल्या. तेव्हा मला ह्यांच्या दवाखान्यातला कवळीचा मसाला आठवला. तो गुलाबी असतो बघा, पावडरीत पाणी... पाणी नव्हे, ते उग्र वासाचं औषध कालवलं की खोट्या हिरड्या होतात आणि दगडासारख्या घट्ट बसतात. मदतनीस बाई रजेवर असल्या की मीच तो कालवते. आणि ह्यांचं ठरलेलं वाक्य आहे, गुळगुळीत जागेवर काही धरत नाही, आधी खरवडून घ्यावं. म्हणून मी आधी पॉलिश पेपर घेऊन तिन्ही डोकी मन लावून खरवडली, दांड्यांवरचे कागद कोमट पाण्यानं सोडवले, मुठींना एकसारख्या पट्ट्या गुंडाळल्या आणि मग मसाला थापला. तिन्ही ड्रायव्हर गुलाबी हिरड्या काढून हसायला लागले. आई म्हणाल्या, "मधला अगदी तुझ्या मामेसासऱ्यांसारखा दिसतो."

कुठला कुठला ते माझ्या पक्कं लक्षात होतं. छत्र्यांच्या स्टँडमध्ये डावीकडे निळा, मध्ये पिवळा, उजवीकडे काळा. मी आंघोळीला गेले. तेवढ्यात आईंना पलंगाखालची बॅग बाहेर ओढायला काहीतरी लांब हवं होतं. एक घेतला, तो आखूड पडला. दुसरा घेतला, तो जड वाटला. तिसऱ्यानं बॅग आली. मग तिन्ही नीट जागेवर ठेवले. नीट म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नीट.

हे आईंनी माझ्या कानात सांगितलं ते गाडीत बसल्यावर, क्लबाच्या फाटकाशी. हे गाडी चालवत होते, चष्मेवाले पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते. मी देवाचं नाव घेतलं आणि दांडे उतरवून घेतले.

क्लबात निम्मे सभासद जमले होते. दोघांनी आळीपाळीनं तिन्ही दांडे मारले. पहिल्यानं ह्यांचा चेंडू उजवीकडे झाडीत गेला, चष्मेवाल्यांचा डावीकडे झाडीत. दुसऱ्याचं तर न बोललेलं बरं, एक माळी अजून रागावलेला आहे. पण तिसरा! वन्सं, मला यातलं काही कळत नाही, तरी त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. ह्यांचा चेंडू सरळ, उंच, दिसेनासा होईपर्यंत गेला. चष्मेवाल्यांनी मारला, तोही तसाच. दोघंही क्षणभर विसरले की आपण बोलत नाही, आणि एकदमच ओरडले. हे म्हणाले, "निळा!" ते म्हणाले, "पिवळा!" अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला आणि सावकाश म्हणाले, "मला तर हा काळाच दिसतो." डोळे बांधून आपला दांडा ओळखू, असं सहा महिने सांगणारी ही माणसं!

सगळी वरात दवाखान्यात आली. ह्यांनी तो दांडा खुर्चीवर आडवा झोपवला, दिवा ओढला आणि मसाला कापायला सुरुवात केली. बाहेर दाढदुखीची माणसं ताटकळत होती. आतला आवाज ऐकून एक बाई उठून निघून गेल्या. शेवटी गुलाबी कवच टक्कन सुटलं. खाली नाव नाही, रंग नाही, नुसतं चकचकीत खरवडलेलं डोकं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणता ना," मी म्हटलं, "आधी खरवडून घ्यावं?"

मला वाटलं, आता संपलं. दवाखाना, मैत्री आणि बहुतेक माझा संसारही. पण चष्मेवाले पुढे आले, खिशातून भिंग काढलं आणि खुर्चीवर वाकले. "दिवा इकडे कर जरा," ते म्हणाले. ह्यांनी दिवा वळवला. "अजून. हां. इथे एक अक्षर आहे बघ." हे म्हणाले, "अक्षर नाही ते, चरा आहे. थांब, छोटा आरसा लावतो." मग दोघांची डोकी एकमेकांना लागेपर्यंत खाली गेली. एक आरसा धरतोय, दुसरा भिंग, आणि दोघं त्या दांड्याच्या अंगावरच्या एकेका रेघेवरून भांडताहेत, पण काय गोड भांडताहेत! चार वाजले. दोन कप चहा आला. ह्यांनी न बघता एक उचलून चष्मेवाल्यांच्या हातात दिला. मला उगाचच भरून आलं, म्हणून मी बाहेर गेले आणि तो पडदा काढून घडी घालून ठेवला.

कंपनी अजून सापडलेली नाही. अध्यक्षांनी निकाल पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवला. ह्यांचा लेख छापून आला, दोन पानं, त्यात सगळं आहे, फक्त कोणाचं वर्ष चांगलं गेलं तेवढं नाही. तो दांडा दोघांत सामायिक आहे, आठवडाभर इकडे, आठवडाभर तिकडे, आणि आता दोघं मिळून कोणत्या कंपनीच्या चेंडूंचं वर्ष चांगलं गेलं ते शोधताहेत. त्यासाठी चेंडू आमच्या बाथरूमच्या बादलीत बुडवतात, फ्रीजमध्ये गार करतात आणि हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला टोलवतात. पूर्वी एकच वेडा होता, आता जोडी आहे. आईंना फ्रीज उघडला की वाटतं अंडी आणलीत.

म्हणून हात जोडून विनंती, तुम्ही मोठी बहीण म्हणून ह्यांना एक खरमरीत पत्र लिहा. वयाची आठवण करून द्या, पाठीची करून द्या, आणि हा खेळ ताबडतोब सोडायला सांगा. तुमचंच ऐकतील. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी क्लबात सगळे कंपनीवरून हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा तो तिसरा दांडा गवतावर एकटाच पडला होता. मी सहज उचलला आणि कुणी बघत नाहीसं पाहून एक चेंडू टोलवला. तो ह्यांच्या चेंडूच्या पलीकडे पडला. एकटे तिथले शिकवणारे मास्तर बघत होते. ते म्हणाले, "बाई, दांडा उलटा धरून एवढं, तर सुलटा धरून किती!" मी डावरी, वन्सं, हा दांडा उजव्यांचा.

आणखी ता. क. तेव्हापासून मी दर बुधवारी सकाळी शिवणाच्या क्लासला जाते, असं घरी सांगितलंय. तुमच्या इकडे मोठी दुकानं आहेत. डावऱ्या बायकांचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा आणि येताना पडद्याचा रॉड म्हणून गुंडाळून आणा. कंपनी कुठलीही चालेल, मी तसली माणूस नव्हे. फक्त निळी नको, आणि मास्तर म्हणतात काळी जड पडेल. पिवळीचंच वर्ष यंदा चांगलं गेलंय, कुणीही सांगेल.

अगदी शेवटचं. ह्यांना ते खरमरीत पत्र एवढ्यात टाकू नका. क्लबाचं सभासदत्व ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.