माडीआडचा वारा

उत्तन,
ईस्टरनंतरचा सोमवार, १९४३

प्रिय पास्कू,

कराचीच्या बंदरात तू धडधाकट आहेस असं फादरांकडून कळलं आणि जिवात जीव आला. तुरुंगातून सुटून वर्ष होत आलं, पण तू गावात पाऊल टाकलं नाहीस. गाव म्हणतं, पास्कू घाबरला. म्हणू दे. गावाच्या जिभेला हाड नाही. माझा भाऊ लांब आहे आणि जिवंत आहे, एवढं मला पुरे.

आज मोठं पत्र लिहायची मुभा मिळालीय, म्हणून त्या दिवसाचं लिहिते. तू खाली बोंबील सुकवायच्या खळ्यात होतास, मी वर माडीत होते. वरून जे दिसलं ते कोर्टात मला कुणी विचारलंच नाही. तुझ्या वकिलाला तर बोंबील आणि बांगडा यांतला फरक कळत नव्हता, तो काय डोंबल तुझी बाजू मांडणार!

आपल्या जमातीत घर वाढवायची परवानगी नुसत्या तोंडाने मागत नाहीत. भिंत जेवढी उंच जाणार तेवढे उंच बांबू रोवायचे, त्यांवर होडीचं शीड ताणायचं आणि सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत तसंच ठेवायचं. घरामागच्या शेजाऱ्यांच्या खळ्यातले बोंबील त्या दिवशी नीट सुकले तर बांधा, ओले राहिले तर गप्प बसा. वाडवडिलांनी रीत घातली ती विचार करूनच. पण आगबोटीवरची नोकरी करून आलेल्या माझ्या नवऱ्याला, इनासला, माडीचं वेड लागलेलं. समुद्राकडे तोंड करून गॅलरी हवी, तिथे खुर्ची टाकून सायबासारखं बसायचं! मलाही हौस होती, खोटं कशाला बोलू?

इनासने शीड चढवलं ते जमिनीवरचा वारा सुटलेल्या सकाळी. डोंगराकडून येणारा वारा खळ्याला सरळ लागत होता, शिडाचा अडथळा होणार कसा? दुपारी समुद्राचा वारा सुरू व्हायच्या आत शीड उतरलं, पंच आमच्या पंगतीला बसले आणि दारूच्या बाटल्या फुटल्या. पाटील मिशा पुसत म्हणाला, "सुकले ना बोंबील? मंग बांध." तू आणि शेजारचा धर्मा घसा फोडून ओरडत होतात, "दुपारचा वारा कोन बगनार?" भरल्या पोटी कुणाला ऐकू येतं?

माडी उभी राहिली आणि मागचं तुमचं दोघांचं खळं मेलं. जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेले बोंबील संध्याकाळपर्यंत ओलेच्या ओले, मग त्यांत किडे. धर्माची हौसाबाई टोपल्याच्या टोपल्या वाळूत पुरायची आणि आमच्या घराकडे बघून शिव्या घालायची. मी वरून ऐकायचे. एकही शिवी चुकीची नव्हती.

त्या सकाळी धर्माने कुजलेल्या बोंबलांची टोपली आमच्या दारात ओतली. बस, एवढंच केलं त्याने. इनासने भिंतीला लावलेलं वल्हं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. धर्मा पडला तरी हा मारतच होता. हौसाबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी झाली, तर वल्हं तिच्या पाठीवर. मी गॅलरीतून किंचाळत होते आणि पंचांपैकी दोघे आपापली दारं लावून घेत होते, तेही मी पाहिलं. तू कोयता घेऊन आलास तो त्यानंतर. लोकांनी कोर्टात सांगितलं की पास्कू आधी धावून आला. साफ खोटं. हौसाबाईच्या डोक्यावर वल्हं पुन्हा उगारलं गेलं तेव्हा तू घाव घातलास. इनासचा उजवा हात मनगटातून तुटला आणि वल्ह्याला धरलेलाच वाळूत पडला.

मग गावाला जोर आला. ज्यांनी माडीच्या पंगतीत कोंबडी खाल्ली, तेच पहारी घेऊन माडी फोडायला धावले. एक दगड माझ्या कपाळावर बसला, व्रण अजून आहे. डोळ्यांत रक्त उतरलं होतं तरी मी तुला एकच ओरडून सांगत होते, पळ पास्कू, पळ. खाली पडलेल्या इनासने ते ऐकलं. हात गेल्याचं त्याला जेवढं लागलं नसेल तेवढं ते लागलं. उरलेल्या हाताने त्याची वसुली तो आजतागायत माझ्या अंगावर करतोय. शेजारणी विचारतात, मी म्हणते, जिन्यावरून पडले.

धर्मा वाचला, पण बोलत नाही. रिकाम्या खळ्यात बसून असतो. हौसाबाई दुसऱ्याच्या खळ्यावर राबते. माडी इनासने पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा उंच. या वेळी शीड लावा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आता पत्र का लिहितेय ते सांगते. इनास माझ्यासमोर उंबऱ्यावर बसलाय. पायाच्या अंगठ्यात दगड धरून डाव्या हाताने कोयत्याला धार लावतोय. फादरांनी भोळेपणाने तुझा पत्ता त्याला दिला. त्याने कागद आणला आणि मला सांगितलं, लिही, झालं गेलं विसरलो, आई मरायला टेकलीय, तुझं नाव घेतेय, मिळेल त्या बोटीने ये, भाईंदर स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येतो. त्याला वाचता येत नाही, पण माझं अक्षर तू ओळखतोस हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मघाशी म्हणाला, "एवढं काय लिवतेस गं?" मी म्हटलं, "एवढ्या वर्सांची माफी एका ओळीत मावत न्हाय." वाचून दाखव म्हणाला तर त्याने सांगितलेलंच घडाघडा म्हणेन. पत्र तो स्वतःच पोस्टात टाकणार आहे. पास्कू, आई ठणठणीत आहे, आज सकाळीच टोपली घेऊन बाजाराला गेली. तू येऊ नकोस. यानंतर माझ्याच अक्षरात "ये" असं लिहिलेलं आलं, तर ते मी मार खाऊन लिहिलंय असं समज. आई खरंच गेली तरी येऊ नकोस. मी गेल्याचं कळलं तरी येऊ नकोस.

तुझीच बहीण,
फ्लोरिन